देव्हाऱ्यातला गुरू आणि वह्यांचा गठ्ठा

"शिक्षकांचं बरं असतं बुवा! साडेतीनला शाळा सुटते, उन्हाळ्यात सहा आठवडे सुट्टी, वर दर सहा-सात आठवड्यांनी हाफ टर्म आहेच. आमच्याकडे बघा, रात्री दोनला सर्व्हर पडला तरी उठून बसावं लागतं." कोजागरीला मसाला दुधाचा पेला हातात घेऊन रंगलेल्या गप्पांमध्ये हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असेल. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला दिसते ती शाळेची घंटा. घंटेनंतरचं त्याला दिसत नाही.

मी स्वतः शिक्षक नाही. २००४ साली एमएससी करायला इंग्लंडला आलो आणि आपल्यातल्या अनेकांसारखा आयटीच्या चक्रात शिरलो तो आजतागायत. पण माझी बायको इथल्या एका सेकंडरी शाळेत गणित शिकवते आणि माझी आत्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवत होती. त्यामुळे या पेशाचा ताण मी वर्गातून नाही, तर घरातून पाहिला आहे. शिक्षकाचा ताण सर्वांत स्पष्ट घरातच दिसतो असं मला वाटतं, कारण वर्गात तो दिसू द्यायचा नसतो.

ताण कमी करायच्या दहा युक्त्या सांगायला हा लेख लिहिलेला नाही. प्राणायाम, चालणं, वेळेवर झोप हे सगळं चांगलंच आहे आणि ते सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. शिक्षकाने किती द्यावं? आणि एखादा शिक्षक "आता पुरे" म्हणाला, तर तो आपल्या कर्तव्यात कमी पडला असं म्हणायचं का?

आधी हिशेब मांडू, कारण हिशेबाशिवाय तत्त्वज्ञान म्हणजे नुसत्या गप्पा. इंग्लंडमधल्या शिक्षकांच्या राष्ट्रीय सेवाशर्तींत पूर्णवेळ शिक्षकासाठी वर्षाचे १९५ दिवस आणि १२६५ तास ठरलेले आहेत. त्यांतले १९० दिवस मुलांसोबतचे आणि ५ दिवस प्रशिक्षणाचे. म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा तास. अकॅडमी शाळांना हे बंधनकारक राहिलेलं नाही, तरी पुष्कळ शाळा हेच आकडे पाळतात. इथवर कोजागरीचं वाक्य खरं वाटतं. पण त्याच सेवाशर्तींत पुढे आणखी एक कलम आहे. आपलं काम नीट पार पाडण्यासाठी जे वाजवी जादा तास लागतील तेही शिक्षकाने द्यायचे, असा त्याचा अर्थ. हे जादा तास किती, त्याला आकडा नाही. आयटीतल्या मंडळींना सांगायला नको की ज्या कंत्राटात "इतर अनुषंगिक कामे" असं लिहिलेलं असतं, त्यात सगळ्यात जास्त काम त्या एका ओळीतच दडलेलं असतं.

ते किती निघालं? शिक्षण खात्याने २०२२ साली केलेल्या पाहणीत पूर्णवेळ शिक्षकांनी आठवड्याला सरासरी सुमारे ५२ तास काम करत असल्याचं सांगितलं. १२६५ तास ३९ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेबत्तीसही भरत नाहीत. मधले वीस तास कुठून येतात? ते घरातून येतात. रविवारच्या दुपारीतून, मुलाच्या फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला मांडीवर ठेवलेल्या वह्यांतून.

बायकोकडे पाच वर्ग आहेत, प्रत्येकी साधारण तीस मुलं. म्हणजे दीडशे वह्या. एका वहीला फक्त दोन मिनिटं दिली तरी पाच तास झाले. दोन मिनिटांत बरोबर-चूक होतं. मूल नेमकं कुठे अडलं, अपूर्णांक कळला नाही की प्रश्नाचं इंग्रजीच कळलं नाही, हे बघायला दोन मिनिटं पुरत नाहीत. शिवाय पाठाची तयारी, पालकांचे ईमेल, परीक्षांच्या आकड्यांचे तक्ते, एखाद्या मुलाच्या घरी काही बरं चाललेलं नाही असा संशय आला तर त्याची तातडीची लेखी नोंद. हे सगळं अर्थातच तास संपल्यावर.

पण तास ही अर्धीच गोष्ट झाली. मी एकदा तिला म्हटलं की कामाचे तास आम्हालाही कमी नसतात. ती म्हणाली, "अरे, तुझा सर्व्हर पडला तर तू लॉग बघतोस. माझ्या तीस जणांपैकी आज कोण आतून पडलंय, हे कुठल्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिक्षक वर्गात असताना सतत वाचत असतो. पुस्तक नव्हे, चेहरे. आणि स्वतःचा चेहरा मात्र त्याला बंद ठेवायचा असतो. सकाळी घरी काहीही झालेलं असो, आठ पन्नासला दारात उभं राहून हसून "गुड मॉर्निंग" म्हणायचं असतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ साली विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून अशा कामाला भावनिक श्रम असं नाव दिलं. हे श्रम दिसत नाहीत, मोजले जात नाहीत, पण माणूस त्यांनीही थकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या संस्कृतीत याचं एक तयार उत्तर आहे. शिक्षक म्हणजे गुरू, गुरू म्हणजे देव, आणि देवाने दमायचं नसतं. मराठी माणसाच्या मनात आदर्श शिक्षक म्हटलं की साने गुरुजी उभे राहतात. शाळेत शिकवायचं, छात्रालयात मुलांचं आईसारखं करायचं, त्यांची आजारपणं काढायची. त्या थोरवीबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण एक साधी गोष्ट आपण विसरतो. अमळनेरच्या शाळेत गुरुजी १९२४ ते १९३० अशी साधारण सहा वर्षं होते. मग ते स्वातंत्र्यलढ्यात गेले. त्यांना स्वतःचा संसार नव्हता. सहा वर्षं सर्वस्व ओतणाऱ्या अविवाहित तपस्व्याचं माप आपण घेतो आणि तीस-पस्तीस वर्षं शिकवणाऱ्या, घरी दोन मुलं आणि म्हातारे सासू-सासरे असलेल्या बाईंना ते लावतो. धावण्याच्या शंभर मीटरच्या शर्यतीचा वेग मॅरेथॉनच्या माणसाकडे मागावा, तसं हे झालं.

या मापाचा दुसराही एक उपयोग होतो, आणि तो जास्त काळजीचा आहे. ज्याला आपण देव्हाऱ्यात बसवतो त्याला आपण नैवेद्य दाखवतो, पण तो जेवला की नाही हे कोणी पाहत नाही. आत्याचं उदाहरण घ्या. ५ सप्टेंबरला तिचा सत्कार व्हायचा, भाषणात तिला राष्ट्राची शिल्पकार म्हणायचे. उरलेल्या वर्षभर ही शिल्पकार जनगणनेला घरोघर फिरायची, मतदार याद्या करायची, निवडणुकीच्या आदल्या रात्री मतपेटी घेऊन दुसऱ्या गावच्या शाळेत मुक्काम करायची, आणि या सगळ्यात तिच्या दोनशिक्षकी शाळेचे चार वर्ग एकट्या सहकाऱ्यावर पडायचे. "बाई, तुम्ही नाही म्हणणार नाही याची खात्री होती," असं साहेब कौतुकाने म्हणायचे. गौरव आणि राबवून घेणं हे एकाच वाक्यात किती सहज बसतात बघा! पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं ठरवलं. कायद्याला हे लिहावं लागलं यातच सगळं आलं. आणि जे तीन अपवाद ठेवले, त्यांतले दोन आत्याची सगळ्यात जास्त वर्षं खाणारे होते.

तर मग शिक्षकाने स्वतःला राखून ठेवावं का? इथे आपलं मन कचरतं. राखून ठेवणं म्हणजे स्वार्थ, असं आपल्याला वाटतं. मला वाटतं गाठ इथेच आहे, आणि ती सोडवायला "बर्नआउट" या शब्दाचा इतिहास उपयोगी पडतो. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञाने १९७४ साली तो वैद्यकीय लेखनात आणला. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात तो आणि इतर स्वयंसेवक काम करत. त्याच्या लक्षात आलं की तिथे विझत होते ते कामचुकार लोक नव्हते, तर सगळ्यात मनापासून काम करणारे होते. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी या अवस्थेची तीन लक्षणं सांगितली: मनाचा पुरता थकवा, समोरच्या माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काहीच साधत नाही ही भावना.

यातलं दुसरं लक्षण पुन्हा वाचा. पहिलं आणि तिसरं शिक्षकाला त्रास देतात. दुसरं मुलाला देतं. थकलेला शिक्षक आधी चिडका होतो आणि मग त्याहून वाईट म्हणजे शांत होतो. मूल त्याच्या लेखी मूल राहत नाही, तक्त्यातली एक ओळ होते. वही तपासली जाते, पण वाचली जात नाही. याचा अर्थ असा की स्वतःला पूर्ण जाळून घेणारा शिक्षक मुलांसाठी त्याग करतो आहे, हे फक्त काही काळापुरतं खरं असतं. एका मर्यादेनंतर तो ज्यांच्यासाठी जळतो आहे त्यांचंच नुकसान व्हायला लागतं. म्हणून मर्यादा घालणं हा कर्तव्यातून सुटण्याचा मार्ग नसून कर्तव्याचाच भाग आहे, असं मला वाटतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अती खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, अती झोपणाऱ्याला आणि अती जागणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असं सांगितलं आहे. आपण त्यातला आळशाला दिलेला इशारा लक्षात ठेवतो. जागणाऱ्याला दिलेला विसरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची नोंद रोग म्हणून न करता कामाच्या जागी साचत गेलेल्या, वेळीच न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. हा फरक महत्त्वाचा आहे. रोग माणसाला होतो. हे कामाच्या रचनेतून होतं. अशा वेळी शाळेने शिक्षकांना दुपारी एक तास माइंडफुलनेस शिकवायचा आणि त्यासाठी वह्या तपासायचा तास काढून घ्यायचा, याला काय म्हणावं?

आता माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो. कुठल्याही शहाण्या संस्थेत सर्व्हर शंभर टक्के भरून चालवत नाहीत. मुद्दाम जागा मोकळी ठेवतात. कारण रांगेचं गणित असं आहे की वापर शंभर टक्क्यांच्या जवळ जाऊ लागला की वाट पाहण्याचा वेळ थोडाथोडा वाढत नाही, एकदम भडकतो. ती मोकळी जागा वाया गेलेली नसते, अचानक येणाऱ्या लाटेसाठी ती असते. शिक्षकाचंही तसंच आहे. साडेतीनला सगळे गेल्यावर एखादी मुलगी दप्तर आवरत रेंगाळते आणि "मिस, एक सांगू?" म्हणते. हे कुठल्याच वेळापत्रकात नसतं. पण वीस वर्षांनी त्या मुलीला शाळेतलं एवढंच आठवणार असतं. त्या क्षणी बाईंकडे जागा मोकळी हवी. वह्यांनी, तक्त्यांनी, बैठकींनी त्या काठोकाठ भरलेल्या असतील तर त्या घड्याळाकडे बघतील आणि मुलगी म्हणेल, "काही नाही मिस, उद्या सांगते." ते उद्या बहुधा येत नाही.

तुलना इथवर चालते, पुढे चालत नाही, हेही कबूल करायला हवं. आम्ही "हे पुढच्या रिलीजमध्ये" असं म्हणू शकतो. दहा वर्षांच्या मुलाचं दहावं वर्ष पुढच्या रिलीजमध्ये टाकता येत नाही. म्हणून शिक्षकाने सरसकट "माझे तास संपले" म्हणणं मलाही पटत नाही. प्रश्न कमी काम करण्याचा नाही, कुठलं काम सोडायचं हे ओळखण्याचा आहे.

त्यासाठी माझ्या बायकोने एक साधी कसोटी केली आहे. प्रत्येक कामाला ती विचारते: हे मी केलं नाही तर कोणाचं अडेल, मुलाचं की फायलीचं? मुलाचं अडणार असेल तर रात्र झाली तरी ती ते करते. फायलीचं अडणार असेल तर फाइल थांबू शकते. वह्यांवर लाल पेनाने शेरा, त्यावर मुलाने हिरव्या पेनाने उत्तर, त्यावर पुन्हा शिक्षकाचा शेरा, अशी पद्धत इथल्या बऱ्याच शाळांत रूढ झाली होती. तपासणीस आले तर पुरावा हवा, ही त्यामागची भीती. मार्च २०१६ मध्ये सरकारनेच नेमलेल्या स्वतंत्र गटाने अशा सखोल आणि तिहेरी तपासणीवर स्पष्ट टीका केली आणि तपासणी मुलाला अर्थपूर्ण, शिक्षकाला झेपणारी आणि उमेद देणारी असावी, असं म्हटलं. अमुक इतक्या वेळा वह्या तपासाव्यात अशी आपली मागणी नाही, हे ऑफस्टेडनेही लेखी सांगितलं आहे. म्हणजे पुष्कळसं ओझं नियमाचं नव्हतंच, नियमाच्या भीतीचं होतं. आता तिच्या विभागात सगळ्या वह्या चाळून वर्गाच्या सामाईक चुका एका कागदावर लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं त्यावरच शिकवतात. पाच तासांचे दीड झाले. मुलांचं काही कमी झालं नाही, उलट शेरा वाचतच नव्हती ती मुलंही आता ऐकतात.

यात एक नैतिक खोच आहे, ती सोडून चालणार नाही. एकटीने "नाही" म्हटलं तर ते काम हवेत विरत नाही. ते शेजारच्या वर्गातल्या, नोकरीला लागून आठ महिने झालेल्या मुलीच्या टेबलावर जाऊन पडतं. तिला नाही म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या शिक्षकांपैकी साधारण एक तृतीयांश पाच वर्षांत ही नोकरी सोडतात, त्यात या मुली फार असतात. म्हणून अनुभवी माणसाने मर्यादा घालायची ती एकट्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. विभागाच्या बैठकीत उभं राहून "हे काम कोणीच करायला नको" असं म्हणणं हे "मी करणार नाही" यापेक्षा अवघड असतं, आणि जास्त न्याय्यही. २००३ साली इथे सरकार आणि संघटनांत जो करार झाला, त्यातून फोटोकॉप्या काढणं, पैसे गोळा करणं अशी कामं शिक्षकांच्या अंगावरून निघाली आणि २००५ पासून शिकवण्याच्या वेळेच्या दहा टक्के वेळ तयारीसाठी राखून मिळू लागला. ते कोणा एकाच्या योगासनांनी झालेलं नाही.

"आता एआय आलंय, वह्या तेच तपासेल," असं माझे आयटीतले मित्र म्हणतात. तपासेलही. पण पार्किन्सन यांनी १९५५ साली गमतीत म्हटलेलं खरं आहे, काम उपलब्ध वेळ भरेपर्यंत फुगतं. ईमेल आला तेव्हाही पालकांशी बोलण्याचा वेळ वाचेल असं वाटलं होतं. वाचलेला वेळ कोणासाठी राखायचा हे ठरवल्याशिवाय कुठलंही यंत्र वेळ देत नाही.

आत्या हे सगळं न वाचता जाणून होती. शाळेत ती चारही वर्ग सांभाळायची, पावसात ओढा ओलांडून मुलांना घरी सोडायची. पण दिवेलागणीनंतर तिच्या घरात शाळेचा विषय निघत नसे. कोणी रजिस्टर घेऊन आलंच तर चहा मिळायचा, सही सकाळी. लोक नावं ठेवायचे. ती म्हणायची, "उद्या सकाळी फळ्यासमोर मलाच उभं राहायचंय, रजिस्टरला नाही."

मंडळी, शिक्षकाने किती द्यावं हा प्रश्न शिक्षकाचा एकट्याचा नाही, आपण किती मागतो यावरही तो अवलंबून आहे. आपण मराठी पालक मागण्यात मागे नसतो. इलेव्हन प्लसची तयारी, वरचा सेट, दोन मार्कांसाठी रात्री अकराला गेलेला लांबलचक ईमेल आणि सकाळी नऊला "अजून उत्तर नाही?" ही तक्रार. तो ईमेल पाठवण्याआधी हीच कसोटी लावून बघावी: यात मुलाचं काही अडलं आहे, की आपल्या मनातल्या फायलीचं?

आणि आपल्या मंडळाची रविवारची मराठी शाळा विसरू नका. तिथे शिकवणाऱ्या ताई आणि दादा आठवडाभर नोकरी करून, विनामोबदला, सकाळी दहाला 'ज्ञ' आणि 'क्ष' घेऊन उभे असतात. वर गॅदरिंगचं नाटुकलंही तेच बसवतात. शिक्षकदिनी त्यांना शाल आणि श्रीफळ जरूर द्या. पण त्याबरोबर महिन्यातला एक रविवार त्यांच्याकडून मागून घ्या आणि तो वर्ग तुम्ही सांभाळा. तास कसा जातो आणि घंटेनंतर काय उरतं, ते आपोआप कळेल. त्या रविवारी त्यांना घरी निवांत झोपू द्या. पुढच्या रविवारी ती झोप आपल्याच मुलांच्या वाट्याला येणार आहे.